लातूरच्या उन्हात न्यूट: मेपेक्षा जून अवघड

मावसभाऊ पुण्याहून येताना न्यूटची जोडी घेऊन आला, तेव्हा थंडी सरत आली होती. बोटाएवढा जीव, पाठ काळी, पोट भडक केशरी अन् त्यावर काळे ठिपके. आईचा पहिला प्रश्न, "पाली काय कमी हायत का घरात?"

हा चायनीज फायर-बेली न्यूट. दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतातला, पाण्यात राहणारा, मूळचा पूर्व चीनचा. आपल्या देशात न्यूटचे नातेवाईक आहेत ते दार्जिलिंगकडं अन् ईशान्येच्या डोंगरांत, आणि ते पाळायला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळं दुकानातून घेणार असाल तर जात कोणती, आला कुठून, याचे कागद आधी बघा.

याला पाणी लागतं १६ ते २२ अंशांचं. पंचविशीच्या पुढं ते खाणं टाकतात, पाण्याबाहेर निघायला बघतात. तिशीला तर जिवावरच बेततं. आणि आमच्याकडं मे महिन्यात बाहेर चाळिशी पार.

तरी मे निभतो, कारण आपलं ऊन कोरडं असतं. टाकी माजघरात, दगडी भिंतीच्या कडेला, जमिनीवरच ठेवलीय. काचेचं झाकण काढून बारीक जाळी बसवली (जाळी पाहिजेच, ओल्या अंगानं हे काचेवर सरसर चढतात). जाळीवर कॉम्प्युटरमधला जुना छोटा पंखा, वारा पाण्यावरून तिरपा जाईल असा. माठात पाणी गार होतं तेच इथं होतं. खोलीत २८ असताना पाणी २४ वर येतं. उरलेलं काम बर्फाची अर्ध्या लिटरची बाटली करते. बाटली एका वेळी एकच. एकदम गार केलेलंही त्यांना सोसत नाही. पंखा बारा व्होल्टचा, म्हणून लाईट गेली तरी बॅटरीवर चालतो.

खरी परीक्षा मृग लागल्यावर. हवा दमट झाली की पाणी उडत नाही, पंखा नुसता फिरतो, कूलरही घामट वारा फेकतो. बाहेरचं ऊन उतरलेलं अन् टाकीचा काटा मात्र वर. त्यात वाऱ्या-वावधानात तासन् तास लाईट नाही, म्हणजे फ्रीजरमधल्या बाटल्याही पातळ. त्या दिवसांत शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्येही माझ्या दोन बाटल्या असतात. थर्माकोलचं खोकं घेऊन ठेवलंय. टाकीच्या तीन बाजूंना त्याचे तुकडे लावले की गारवा बराच टिकतो.

पाण्याचं बोलायचं तर लातूरकराला जपूनच बोलावं लागतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव हे. टाकीतलं पाणी उडतं, पण क्षार मागंच राहतात; बोअरच्या जड पाण्यानं भर घातली तर ते वाढतच जातात. म्हणून उडालेल्याची भर आरओच्या पाण्यानं, आणि आठवड्याला पाव टाकी बदलायची ती नळाच्या पाण्यानं, क्लोरीन मारायचे थेंब टाकून. काढलेलं पाणी मोगऱ्याला. ओढ्यात, विहिरीत कधीच नाही. परक्या प्राण्याचा रोग आपल्या बेडकांना कशाला?

खायला गांडूळ. गांडूळखतातलं लाल गांडूळ दिलं तर मादीनं तोंडात धरलं, डोकं दोनदा झटकलं, थुंकलं अन् पुढच्या पायानं तोंड पुसलं. त्या गांडुळाच्या अंगातून कडू पाणी सुटतं. रांजणाखालच्या ओल्या मातीतलं साधं गांडूळ मात्र तुकडे करून दिलं की शेवईसारखं ओढते. उकाड्यात भूक निम्मी होते, तेव्हा उरलेला तुकडा लगेच उचलायचा, नाहीतर गरम पाण्यात तासाभरात वास सुटतो.

यांच्या कातडीत विष असतं. हात लावायची गरज नसतेच. लावलाच तर साबणानं धुवायचा. टाकीत मासे सोडायचे नाहीत.

आता ऑक्टोबरच्या उकाड्याआधी वापरलेला चिलर (टाकीचं पाणी गार करायचं यंत्र) कुणी विकणार असेल तर मला हवाय. नव्याची किंमत आईला सांगायची माझी छाती नाही.