चांगलं वागणं पुरे नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून

नाताळात घरी फराळाला येणारे शेजारी विचारतात, ऑफिसातले जुने सहकारी विचारतात, आणि हल्ली आमच्याच चर्चच्या मंडळीतली तरुण पोरंही विचारायला लागली आहेत: माणूस चांगला वागला की झालं ना? मग तुम्हा ख्रिस्ती लोकांचा विश्वासावर एवढा जोर कशाला? प्रश्न बहुधा करंजी खाता खाता, सहज म्हणून येतो. पण तो रास्त आहे, आणि विचारणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यापेक्षा चांगले वागतात, हे तर आहेच.

म्हणून ‘विश्वासाशिवाय माणूस चांगला होऊच शकत नाही’ असलं उत्तर मी देत नाही. ते खरं नाही. देव न मानणारी, पण दिलेल्या शब्दाला जागणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

मला या प्रश्नाचं उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत फिरून निधी उभा केला, १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, ते पुण्याला हलवलं. ज्यांचं तोंड पाहणंही लोक अशुभ मानत, त्या बालविधवांना शिकवलं. सनातन्यांचा राग ओढवून घेतलाच, शिवाय एकेकाळच्या सुधारक मित्रांचाही. चांगलं वागणं म्हणजे याहून अधिक काय असतं?

आणि तरीही, त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या विश्वासाच्या हकिगतीत, लिहून ठेवलं आहे, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. धर्म पटला होता, काम जोरात चाललं होतं, पण मनाला स्वस्थता नव्हती. हे वाचलं की मी थबकतो. कारण आपण ज्याला पुरेसं म्हणतो ते सगळं या बाईंकडे होतं, आणि त्यांना ते पुरलं नाही.

का पुरलं नाही? मला वाटतं, नुसत्या चांगुलपणावर जगणाऱ्याला रोज रात्री वाण्याच्या वहीसारखा हिशेब मांडावा लागतो. जमेच्या बाजूला थोडं जास्त दिसलं की मान ताठ होते आणि उधारी वाढली की झोप उडते. येशूचा प्रेषित पौल याने इफिसकरांना लिहिलं ते नेमकं याविरुद्ध: तारण, म्हणजे पापातून सुटका, ही कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणी बढाई मारू नये. लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला अपराधी आठवा. त्याला ना बाप्तिस्मा घ्यायला वेळ होता, ना एखादं सत्कृत्य करायला. हात तर खिळलेले. माझी आठवण ठेव, एवढंच तो म्हणाला, आणि ते चाललं. अनेकांना हे अन्यायाचं वाटतं. आमच्या मंडळीतल्या शिस्तीच्या माणसांनाही मनातून वाटत असणार, फक्त ते बोलत नाहीत.

मग हात जोडून बसायचं का? बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब साफ सांगतो की कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. विश्वासानेच तारण मिळतं असं सांगणाऱ्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला ते पत्र इतकं खटकलं की त्याने त्याला पेंढ्याचं पत्र म्हटलं. माझ्या मते ल्यूथरसाहेबांनी तिथे घाई केली. रमाबाईंचंच बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण असल्याच दुष्काळात गेलेले होते, त्यामुळे भुकेलेल्या पोरीचा चेहरा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. केडगावची माळरानाची जमीन घेतली होती, तिथे मुक्तिसदन उभं राहिलं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांसाठी दिलेली मदतीची हमी १८९८ मध्ये संपत होती. हिशेबी माणसाने अशा वेळी तोंडं मोजली असती. यांनी आणखी माणसं घेतली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. वही मिटलेली असली की माणूस एवढं धाडस करू शकतो, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मात्र इथे एक गोष्ट मला बोचते. आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायला लोक उभे राहतात: विश्वास ठेवला आणि नोकरी लागली, व्हिसा मिळाला, गाठ विरघळली. त्यांच्या आनंदात मी आहे. पण ज्यांची गाठ विरघळली नाही ते मागच्या बाकावर बसून हे ऐकत असतात, आणि आपलाच विश्वास कमी पडला असं मनाला लावून घेतात. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती केडगाव सोपवायचं ठरलं होतं, १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

विश्वास म्हणजे डोकं गहाण टाकणं, हाही एक गैरसमज. इंग्लंडमध्ये सिस्टर जेराल्डीन ही त्यांची धर्ममाता. तिच्याशी रमाबाईंनी त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून), चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. बाप्तिस्मा घेतला म्हणजे माझा विवेक कुणाच्या ताब्यात दिला नाही, हा त्यांचा सूर. आणि मार्कच्या नवव्या अध्यायात तो आजारी मुलाचा बाप येशूला एकाच दमात म्हणतो, की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशू त्याला परत पाठवत नाही, पोराला बरं करतो.

तेव्हा मंडळीतल्या पोरांना मी सांगतो, शंका असतील तर त्या घेऊनच उपासनेला या. पाळकसाहेब रागावलेच, तर त्यांना रमाबाईंची जेराल्डीनला लिहिलेली पत्रं वाचायला द्या.