धक्का

आमच्या गल्लीत धक्का मागायची कुणाला लाज वाटत नसे. इंदूरच्या रामबागेत थंडीच्या दिवसांत सकाळी साडेआठच्या सुमारास "अरे, जरा हात लावा रे" अशी हाक आली, की माणसं तोंडातला पोह्यांचा घास संपवत लेंग्यावरच बाहेर यायची. आप्पांची प्रीमियर पद्मिनी हटून बसलेली असायची. दोघं डिकीला, एक दाराच्या खांबाला, आणि समोरच्या वाड्यातले नाना नुसते सूचना द्यायला. आप्पा आत. किल्ली फिरवलेली, क्लच दाबलेला, दुसरा गिअर. पहिला नाही, पहिल्यात चाकं अडतात, हे मला सहावीत असल्यापासून ठाऊक आहे. गाडी जरा पळू लागली की नाना ओरडायचे, "सोडाऽ!" आप्पा क्लच सोडत, गाडी एक आचका देई, खोके, आणि मागच्यांच्या तोंडावर काळपट धूर सोडून चालती होई. आप्पा थांबायचे नाहीत. थांबले तर पुन्हा बंद पडायची. त्यामुळे आभार मानायचे ते चालत्या गाडीच्या खिडकीतून हात काढून.

या गाडीत लपवण्यासारखं काही नव्हतंच. 1089 सीसीचं इंजिन, आणि बॉनेट उघडलं की त्याच्या आजूबाजूने खालची जमीन दिसायची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, वाऱ्यासाठी पुढे ती छोटी त्रिकोणी काच, आणि चोकची खुंटी. चोक ओढला की कार्बोरेटरला जाणारी हवा कमी होते, पेट्रोल जास्त पडतं, गार इंजिन पेटतं. किती ओढायचा, हे कुठल्याही पुस्तकात नाही. आप्पा आधी दाराबाहेर हात काढून थंडीचा अंदाज घ्यायचे, मग ओढायचे. आणि तरीही धक्का लागायचाच, ते सोडा.

छावणीतला मिस्त्री गाडीचा आवाज ऐकायचा आणि एवढंच म्हणायचा, "कचरा आया है, बाबूजी." मग कार्बोरेटरमधला जेट काढायचा, शेंगदाण्याएवढा पितळी तुकडा. तोंडाने फुंकायचा, एक डोळा मिटून उन्हाकडे धरायचा. भोकातून ऊन दिसलं की आजार बरा. एकदा त्याने तो माझ्या हातात दिला होता. मीही डोळा मिटून बघितलं. सुईच्या टोकाएवढा उजेड. आख्खी गाडी, आमचं ओंकारेश्वर, मावशीचं देवास, सगळं त्या भोकातून जात होतं.

ओंकारेश्वर म्हणजे सिमरोलच्या पुढचा भेरूघाट, तोही मे महिन्यात. चढावर इंजिन तापायचं, पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप नुसती वाफ ढकलत बसायचा आणि गाडी उभी. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. आईच्या पिशवीत दशम्यांच्या डब्याशेजारी एक फडकं केवळ या कामासाठी घडी करून ठेवलेलं असे. सुराहीतलं पाणी आधी पंपाला, मग आम्हाला. अर्धा तास दगडावर बसून आम्ही माकडं मोजायचो.

इंदूरला गाड्यांचं कौतुक जुनं आहे. महाराज दुसऱ्या यशवंतराव होळकरांसाठी 1935 मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीची एक एसजे गाडी बनली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग नारिंगी आणि काळा. वेळ आलीच असती, तर तिलाही धक्का चालला असता. आणि महाराजांकडे द्यायला माणसंही भरपूर होती.

माझी आताची गाडी दोन वर्षांपूर्वीची, ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी तिने मला पडद्यावर अटी आणि शर्ती मान्य करायला लावल्या. आप्पांच्या गाडीने कधी कुठली अट घातली नाही, घातली ती एकच, की शेजाऱ्यांशी भांडू नका. नव्या गाडीत एसीचा पंखा कमी करायचा तर पडद्यावर दोन दारं उघडून आत जावं लागतं, आणि तोवर पलासियाचा सिग्नल हिरवा होऊन मागचा हॉर्नवर बसलेला असतो. बटण होतं तेव्हा ते बोटाला सापडायचं, डोळे रस्त्यावर असायचे. काही बिघडलं की एक पिवळा दिवा लागतो, त्यात इंजिनचं चित्र. म्हणजे आजार इंजिनात आहे. एवढं मलाही कळत होतं.

माझा भाचा पीथमपूरला गाड्यांच्याच कारखान्यात आहे. तो म्हणतो, "मामा, तो काळा धूर आठव ना." खरं आहे त्याचं. कार्बोरेटर अंदाजाने पेट्रोल ओततो. आताचा कॉम्प्युटर धुरातला ऑक्सिजन मोजून थेंबाथेंबाचा हिशोब ठेवतो, आणि एप्रिल 2020 पासून लागू झालेले धुरावरचे बीएस-सहाचे नियम त्याशिवाय पाळता येत नाहीत. शिवाय एअरबॅग, शिवाय एबीएस. पद्मिनीत मागच्या सीटवर आम्ही पाच पोरं एकमेकांच्या मांडीवर बसायचो, पट्टा कसला नि काय. मुलीला शिकवणीला सोडायला आज मी ती गाडी काढणार नाही. हे कबूल करून टाकतो म्हणजे पुढचं बोलता येईल.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दहा दिवस पुण्याला होतो. परत आलो तर गाडीची बॅटरी पार बसलेली. देवासला मावसभावाच्या मुलाची मुंज, मुहूर्त अकराचा. किल्लीचं बटण दाबलं, गाडी ढिम्म. त्या किल्लीच्या पोटात एक खरी, लोखंडी किल्ली लपवलेली असते, हे त्या दिवशी कळलं. तिने दार उघडलं, पुढे काही नाही. मी सवयीने हाक मारली, "जरा हात लावा रे." आली की माणसं! एकाच्या हातात ब्रश, दोघं लेंग्यावर. जुन्या जागा कुणी विसरलं नव्हतं, दोघं डिकीला, एक खांबाला. आणि मला त्यांना सांगावं लागलं, की हिला धक्का चालत नाही. गिअर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, अडकलाय, हँडब्रेकसुद्धा विजेवरचा, ही इंचभर हलणार नाही. डिकीवरचे हात तसेच राहिले. "मग आम्ही काय करायचं?" एकाने विचारलं, आणि ते अगदी मनापासून होतं.

हेल्पलाइनवाली मुलगी गोड बोलली. नव्वद मिनिटं.

शेवटी शेजारच्या काकूंना सुचलं. वीजकपातीच्या दिवसांपासून त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. त्याची बॅटरीही बारा व्होल्टचीच. तारा सोडवल्या, पण ते धूड चाकाच्या ट्रॉलीवर, आणि मध्ये उंबरा, दोन पायऱ्या, गटारावरची फरशी. दोघं पुढे, दोघं मागे. नाना आता पंचाऐंशीच्या घरात, ओट्यावर खुर्चीत असतात. ट्रॉली फरशीवर आली तसे ते खुर्चीतूनच ओरडले, "सोडाऽ!" सुदैवाने कुणी सोडली नाही.

जंपरच्या तारा लावल्या, गाडी लागली. पडद्यावर एका मागोमाग एक इशारे येऊ लागले, ते मी वाचले नाहीत. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "मुंजीहून या सावकाश. पण जायच्या आधी माझी बॅटरी जागेवर ढकलून जा."