बरडच्या अलीकडे

पंढरपूरच्या वारीत लोणंद ते नातेपुते, चार दिवसांची चाल. लेकीच्या शाळेला याहून जास्त दांडी मारणं जमलं नाही. आळंदीपासून चालत आलेले आमच्यासारख्यांना हौशी म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

माझा एक छुपा बेत होता. लेक नऊ वर्षांची. सगळं हातात आयतं मिळतं, त्यामुळे कुणाचं काही वाटतच नाही, अशी माझी रोजची कुरकूर. म्हटलं, वारीत चार दिवस लोकांच्या हातचं खाऊ-पिऊ दे. मुद्दाम एक छोटी वही घेतली होती. आज ज्यांच्यामुळे बरं वाटलं अशा तीन गोष्टी रोज रात्री लिहायच्या. तरडगावच्या मुक्कामी तिनं लिहिलं : १. भात २. तंबू ३. भात.

त्याच दिवशी वाटेत चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं होतं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतो ते. तिला अश्वाचं शेपूट दिसलं, मला पुढच्या बाईचा अंबाडा.

फलटणला समाजआरती, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्या जमून होते ती आरती, मात्र तिनं तोंड उघडं टाकून पाहिली. चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावला, ‘हो’ची आरोळी झाली आणि एवढा टाळ-मृदंगाचा गजर एका क्षणात थांबला. फक्त एका दिंडीचे टाळ खणखणतच राहिले. चोपदार तिकडे गेले. पाण्याच्या टँकरची काहीतरी तक्रार होती. मग हरवलं-सापडलं वाचून दाखवलं. ‘‘म्हणजे तक्रार असली की वाजवत राहायचं?’’ लेकीनं विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चहा मिळेपर्यंत ती ताटली बडवत होती. अख्ख्या तंबूला जाग आली. मी धपाटा घातला. शेजारच्या मावशी, ज्यांच्या घोरण्यानं मी रात्रभर जागी होते, त्याच मला म्हणाल्या, ‘‘लेकराला मारू नये, माउली.’’

त्याच दुपारी बरडच्या वाटेवर ती लंगडायला लागली.

वारीला नवे बूट घालू नयेत हे कुणीही सांगेल. मी आदल्याच शनिवारी घेतले होते. ऊन रणरणतं, पावसाचा पत्ता नाही, पुढे ‘ज्ञानोबा-माउली-तुकाराम’चा ठेका आणि बाजूला कुठल्याशा पुढाऱ्याच्या स्वागतकक्षाचा भोंगा. ‘‘ते बघ, पंच्याहत्तरीचे आजोबा कसे चालतायत,’’ मी म्हटलं. ‘‘मग त्यांनाच ने,’’ ती म्हणाली आणि रस्त्याकडेला बसली.

‘‘आगं बये, पोरगी लंगडतीया. आण हिकडं.’’

वस्तीच्या कडेला पत्र्याचं घर, दाराशी दोन म्हशी. आजींनी लेकीला ओट्यावर बसवलं, बूट-मोजे काढले आणि पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. टाचेला रुपयाएवढा फोड. कोनाड्यातलं रीळ काढलं, काडी ओढून सुई तापवली. ‘‘हिकडं बघू नगंस, म्हशीकडं बघ.’’ फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसऱ्या कडेनं काढली, दोरा दातानं तोडला आणि दोन्ही टोकं तशीच लोंबती ठेवली. ‘‘पानी आपसूक झिरपंल. कातडं वढू नगंस.’’ लेक एकदाच ओरडली. मग स्वतःच्या टाचेतून बाहेर आलेल्या काळ्या दोऱ्याकडे टक लावून बघत बसली.

आजींचं तोंड माझ्यावर सुरू होतं. असली पायताणं घालत्यात व्हय, पोराची जात, तुला कळंना का. मी गुमान ऐकून घेतलं. राग आला होता, कारण त्यांचं खरं होतं.

‘‘थँक यू म्हण,’’ मी लेकीला सांगितलं. तीन दिवस पाण्याच्या प्रत्येक पेल्याला तिनं ते म्हटलं होतं, तसंच आताही म्हणाली. आजींच्या ते कानावरच गेलं नाही. त्या वाकल्या आणि त्याच टाचेवर त्यांनी कपाळ टेकवलं. लेकीनं पाय मागे ओढला.

‘‘आजी, घाण आहे तो!’’

‘‘चालनाऱ्याचा पाय घान आसतो व्हय?’’

म्हशी कुणाच्या जिवावर टाकू, म्हणून त्या पंढरपूरला जात नाहीत. वारी दारावरून जाते तेव्हा अशी पावलं धरतात, एवढं त्यांनी दोरा गुंडाळता गुंडाळता सांगितलं. ‘‘पांडुरंगाला माजा दंडवत सांग.’’

मी ‘हो’ म्हणून मोकळी होणार होते. पण लेक म्हणाली, ‘‘आम्ही नातेपुत्यापर्यंतच आहोत.’’

आजी हसायला लागल्या. ‘‘मंग फुडं जानाऱ्याला सांग.’’

त्या रात्री वहीत एकच ओळ होती : दोरा. दोन आणि तीनचे आकडे नुसतेच. मी काही बोलले नाही. माझ्या स्वतःच्या तीन गोष्टी मी एकाही रात्री लिहिल्या नव्हत्या, हे मला तेव्हा आठवलं.

नातेपुत्याला आमच्या परतीच्या गाडीची वेळ झाली. पिशव्या भरतोय तर लेक गायब. शिव्या देतच शोधलं. सापडली दिंडीतल्या विणेकरी बाबांपाशी. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन ते नुकतेच टेकले होते.

‘‘बरडच्या अलीकडच्या आजींचा दंडवत सांगायचाय,’’ ती त्यांना सांगत होती.

‘‘नाव काय त्यांचं?’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिथं चांगली अर्धा तास बसले होते. नाव विचारलं नव्हतं.

‘‘दोन म्हशी आहेत त्यांच्याकडे,’’ लेक म्हणाली.

बाबांनी मान डोलावली, उपरण्याचं टोक पुढे घेतलं आणि एक गाठ मारली. तिथं आधीच चार-पाच गाठी होत्या.