अर्जाच्या खोलीबाहेर

मी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्ट, बँक, कधी लग्नाची बोलणी. कर्णबधिर माणसाला ऐकणाऱ्यांशी बोलायचं असेल तिथे मी मध्ये उभी राहते. इस्तंबूलचं काम त्या मानाने सुखाचं वाटलं होतं. पुण्या-मुंबईचे चौदा कर्णबधिर प्रवासी, स्थानिक मार्गदर्शक इंग्रजीत सांगणार आणि मी ते हातांनी पुढे पोचवायचं.

तोपकापी या ऑटोमन सुलतानांच्या जुन्या राजवाड्यात सकाळ वैतागात गेली. मार्गदर्शक चालता चालता, आमच्याकडे पाठ करून बोलायचा. आमची माणसं आधी माझे हात बघणार, मग वस्तू. ती मान वळवेपर्यंत हा पुढच्या दालनात. स्वयंपाकघरांच्या उंच चिमण्या, चिनी भांडी, दिवाणाचा, म्हणजे वजिरांच्या दरबाराचा, घुमट आणि सुलतान मागे बसून ऐकायचा ती जाळीची खिडकी, सगळं असंच धावत झालं.

बाब-उस-सादा, म्हणजे सौख्याचा दरवाजा, ओलांडला की समोरच अर्झ ओदासी आहे. अर्झ म्हणजे आपला अर्जच. वजीर आणि परदेशी वकील, म्हणजे राजदूत, इथे सुलतानासमोर येत. दाराशेजारी भिंतीत कारंजं आहे. आतली बोलणी बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून पाणी वाहतं ठेवत, असं मार्गदर्शक म्हणाला आणि त्याच दमात पुढे म्हणाला, "इथे बहिरे-मुके नोकर ठेवत, म्हणजे गुपित फुटायला नको." आणि चालू लागला.

मी ते जसंच्या तसं हातांनी सांगितलं. दुभाष्याने गाळायचं नसतं. चौदाच्या चौदा जण जागीच थांबले.

आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांचं नाव म्हणजे मिशीला पीळ. उभी हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेली. त्यांनी विचारलं, "आमची माणसं? इथे? मग राजा त्यांच्याशी बोलायचा कसा?"

मार्गदर्शकाला मी परत बोलावलं. तो म्हणाला, काहीतरी हातवारे करत असतील.

हातवारे! हा शब्द मी रोज ऐकते आणि रोज तो बोचतो. या प्रवासासाठी मी जे वाचून आले होते ते मग मीच सांगायला घेतलं. सुलतानासमोर कुजबुजणंसुद्धा बेअदबी समजत. म्हणून सुलतान सुलेमानच्या काळापासून, म्हणजे 16व्या शतकात, दरबारात खुणांची भाषा रुजली. 17व्या शतकाच्या सुरुवातीला इथे असलेल्या ओत्ताव्यानो बोन या व्हेनिसच्या वकिलाने लिहून ठेवलंय की खुद्द सुलतान आणि त्याच्या भोवतीची माणसं या नोकरांशी कुठल्याही विषयावर खुणांनी बोलू शकत, तोंडाने बोलावं इतकं स्पष्ट. त्यानंतर काही दशकांनी पॉल रायकॉट या इंग्रजानेही तेच लिहिलं, की ही भाषा येत नाही असा माणूस दरबारात विरळा. जुने कर्णबधिर नोकर नव्या पोरांना बसवून शिकवत. गोष्टी, पैगंबरांच्या कथा, कुराणातली वचनं, सगळं हातांनी.

म्हणजे शाळाच की. आमच्यातल्या कितीतरी जणांना शाळेत, खुणा करू नयेत म्हणून, हात मागे बांधून बसायला लावलेलं. काकांनी मला पुन्हा सांगायला लावलं. "राजा शिकला? आपण त्याचं ओठ वाचायचं नाही, त्याने आपलं शिकायचं?" मी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले आणि माझा हात पुढच्या वाक्याआधी थोडा अडखळला.

कारण पुढचंही सांगायचं होतं. तुर्की भाषेत या नोकरांना दिलसिझ म्हणत. दिल म्हणजे जीभ आणि भाषाही; तर जीभ नसलेले, भाषा नसलेले. फारसी शब्द बीझेबान, आपल्या ओळखीचा बेजबान. (आमच्याकडे पोलीस ठाण्यात अजून 'जबानी'च घेतात.) गळ्याभोवती धनुष्याची दोरी आवळून माणूस मारायचं कामही या नोकरांकडे असे. 1553 साली सुलेमानने थोरल्या मुलाला, शहजादा मुस्तफाला, लष्कराच्या तळावर बोलावून घेतलं आणि तंबूत यांच्याच हातून मारवलं.

गटातली एक तरुण मुलगी चिडली. खळी हे तिचं नाव. "ओरडणं ऐकू येत नाही म्हणून आम्हालाच निवडलं!" काकांचं म्हणणं वेगळं, राजाने जवळच्यांवरच भरवसा टाकला. मला खळीचं पटलं. ती गुलामगिरीच होती. नाही म्हणायची सोय नव्हती. पण भाषेला मान होता हेही खोटं नाही, आणि दोन्ही एकाच जागी घडलं.

मार्गदर्शक आता निघायची घाई करत नव्हता. त्याने आपणहून सांगितलं, की वकिलाला आत नेताना दोन्ही बाजूंनी दोघे त्याचे दंड धरत, हत्यार चालवायची भीती. मी ते करून दाखवलं. काकांनी लगेच आपले दोन्ही हात बगलेत आवळून दाखवले. "म्हणजे तोंडच बांधलं!"

मग ते कारंज्याकडे गेले. "पाण्याचा आवाज केवढा असतो?"

"बादली भरताना होतो तेवढा." मग लक्षात आलं की हे सांगून उपयोग नाही. मी त्यांच्या तळहातावर बोटं भरभर वाजवली.

"हातांनी बोलले असते तर पाणी सोडायलाच नको होतं," ते म्हणाले.

बाहेर झाडाखाली बसल्यावर वाद रंगला. त्या लोकांनी सुलेमानचं खुणेचं नाव काय ठेवलं असेल? बहुतेकांनी उंच पगडी दाखवली. खळी म्हणाली, पगडी सगळेच घालत, नाव नाकावरून असणार. काका ठाम होते, की सुलतानाला खुणा येत होत्या, म्हणजे नाव त्याला विचारूनच ठेवलं असणार.

मार्गदर्शकाने मला विचारलं, एवढं काय चाललंय? मी सांगितलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, माझंही ठेवा. गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेला, तेच नाव झालं. त्याने ती खूण दोनदा करून पाहिली.

पुढे खजिन्याच्या दाराशी तो थांबला, आमच्याकडे वळला आणि चौदाही जणांची नजर माझ्यावर येईपर्यंत गप्प उभा राहिला.