आमच्या पाइपवर आयएसआय मार्क आला तेव्हा

जळगाव एमआयडीसीत आमचा घरचा पीव्हीसी पाइपचा कारखाना आहे. बाबा विक्री बघतात, माझे मोठे काका, आप्पा, उत्पादन. मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी कारखान्यात आले आणि आयएसआय परवान्याचं काम माझ्याकडे आलं. पाणीपुरवठ्याच्या टेंडरला त्याशिवाय कुणी विचारत नाही.

कागदपत्रांचं काम चिकाटीचं, पण होऊन जातं. मानक ऑनलाइन या भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) पोर्टलवर अर्ज, मशिनांची यादी, लेआउट, लॅबमधल्या उपकरणांचे कॅलिब्रेशनचे दाखले. खरी कसोटी लागली मालाची. आयएस 4985, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक. त्याप्रमाणे पाइपची घनता घन सेंटिमीटरला 1.40 ते 1.46 ग्रॅम हवी, आमची 1.49 भरली. म्हणजे कॅल्शियम, भर म्हणून घालतात ती कॅल्शियम कार्बोनेटची पूड, जास्त. रेझिन, म्हणजे मूळ पीव्हीसी, महाग, म्हणून कॅल्शियम वाढवायचं, हे या धंद्यात सर्रास चालतं. पण त्याने पाइप ठिसूळ होतो.

मिश्रणाचं माप आप्पांच्या डोक्यात, कागदावर कुठेच नाही. ते म्हणाले, "पोरी, गिऱ्हाईक भाव इचारतं, घनता नाही." त्यात खोटं काही नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी याच बाजारात कारखाना तगवला होता.

बोलून हा वाद मिटला नसता. आघाताची चाचणी शून्य अंशावर घ्यावी लागते. मे महिना, पत्र्याची शेड, अंगाची लाही होत होती. बर्फाच्या लाद्या आणून टाकीत फोडल्या, जुन्या मिश्रणाचे आणि मी कागदावर मांडलेल्या कमी कॅल्शियमच्या नव्या मिश्रणाचे तुकडे तासभर बुडवून ठेवले आणि वरून वजन सोडलं. जुना तुकडा काचेसारखा तडकला, नव्याला फक्त पोचा पडला. आप्पांनी दोन्ही हातात घेतले, तड्यावरून नख फिरवलं आणि मिक्सरवरच्या ऑपरेटरला सांगितलं, "उद्यापासून हिच्या कागदावरचं वजन."

पुढे अधिकाऱ्यांची भेट झाली, नमुने लॅबला गेले, पास झाले. आता पाइपवर मार्कच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली आमचा परवाना क्रमांक छापला जातो. भाव वाढला, काही जुने डीलर तुटले. बाबा तो तडकलेला तुकडा घेऊन यावल-रावेरच्या केळीवाल्यांकडे स्वतः फिरले, आणि त्यातले बरेच आमच्याकडे टिकले. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

सध्या परवान्यात 160 मिमीचा पाइप वाढवायचा आहे. त्यासाठी डाय, म्हणजे पाइपला आकार देणारा साचा, नवी घ्यायची की वापरलेली, यावर घरात चर्चा चालू आहे. आप्पा नवीच घ्या म्हणतात.