डावीकडची दोन चाकं

परवा दुपारी गाडी धूत होतो, म्हणजे आपलं बादली आणि फडकं घेऊन जे चालतं तेच, आणि पुढच्या डाव्या अलॉय चाकावर (अल्युमिनियमचं असतं ते) नख लागलं तर लॅकरचा पापुद्राच निघून हातात आला. खाली पांढरट बुरशीसारखं काहीतरी पसरलेलं. एकदा कोपरा उचकटला की माणसाला राहवत नाही, दुसरा काढला, तिसरा काढला, धुणं राहिलं बाजूला.

मग चारी चाकं फिरून बघितली तेव्हा लक्षात आलं की उजवीकडची दोन जवळजवळ नव्यासारखी आहेत. खरचटलेली फक्त डावीकडची. आणि ते बरोबरच आहे म्हणा, आपण डावीकडून चालवतो, डावीकडे लावतो, फूटपाथचा कट्टा डावीकडे. त्या कट्ट्याला रिम घासली की वरचं लॅकर फुटतं, त्या फटीतून पाणी आत जातं आणि आतल्या आत अल्युमिनियम पांढरं पडत सरकत राहतं. समुद्राकाठच्या गाड्यांचं तर विचारूच नका.

गॅरेजवाल्याला विचारलं तर त्याने दर चाकाला जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहा घेतो म्हणून बाहेर आलो. त्यापेक्षा पुण्याच्या नाना पेठेत जाऊन पाणी पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), प्रायमर, सिल्व्हर स्प्रे आणि वरून मारायचं क्लिअर लॅकर, सगळं मिळून त्याच्या एका चाकाच्याही आत बसलं. शिवाय रंगवायची दोनच. उभं राहून कुठूनही बघा, गाडीची एका वेळी एकच बाजू दिसते, त्यामुळे उजवीकडच्या सिल्व्हरशी शेड जुळते का नाही याची पंचाईत कुणाला? बायकोला हे पटलं नाही. ती म्हणाली मग तू दाढी पण एकाच बाजूची करत जा.

पावसाळ्यात हे काम काढायचं नाही एवढं मात्र पाळलं. दमट हवेत स्प्रे मारला की वर दुधाळ छटा येते आणि सगळं परत घासायला लागतं. म्हणून ऑक्टोबरचं ऊन धरलं, खंडेनवमीच्या आधी, कारण त्या दिवशी झेंडूचा हार घालताना शेजारीपाजारी गाडी जवळून बघतात.

खरं काम घासण्याचं. ३२० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग ६००, मग हजार, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून. खोल खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की परत घासायचं. पुढच्या चाकाला तर आधी ब्रेकची काळी धूळच तासभर निघत होती, पुढे डिस्क ना, मागच्या ड्रमवाल्या चाकावर तेवढी नसते. बोटांची सालटी जातात, पण डोकं कसं रिकामं होतं, फोन वाजला तरी ओल्या हाताचं कारण असतं. स्प्रे मारायला दहा मिनिटं लागतात आणि लोक बघायला येतात ते तेवढीच दहा मिनिटं. वॉचमन काका सोडले तर घासताना कुणी फिरकलं नाही.

आमचा आज्जा बेंदराला बैलांची शिंगं साळायचा. कराडजवळ गाव आमचं. आम्हा पोरांचा डोळा रंगाच्या डबीवर, आणि हा बाबा फुटक्या काचेने शिंग साळत बसलेला, बारीक भुसा त्याच्या धोतरावर पडतोय, बैल डोळे मिटून उभा. दुपार व्हायची. डबीला हात लावला की नुसतं बघायचा आमच्याकडे.

त्याच्या बैलगाडीच्या चाकांना मात्र कधी कुणी रंग लावलेला मला आठवत नाही. त्या चाकांचा थाट वेगळाच होता, धाव, म्हणजे चाकाभोवतीचं कडं, चढवायची असली की अर्धी आळी गोळा. लोखंडी धाव चाकापेक्षा जरा लहानच केलेली असते, ती जमिनीवर ठेवून भोवती गोवऱ्यांचा जाळ करायचा, लाल होऊन ती पसरली की सांडशीने तिघाचौघांनी उचलून लाकडी चाकावर टाकायची. लाकूड पेटायचं, धूर, सुतार ओरडतोय, लोहार ठोकतोय, आणि आम्ही घागरी घेऊन पळतोय. पाणी पडलं की चर्र होऊन धाव आवळायची आणि आत सगळे आरे कर्रकन बसायचे. तो आवाज अजून कानात आहे. ना खिळा ना नट. ज्या जाळात ती धाव लाल व्हायची त्यात माझं अलॉय टाकलं असतं तर पाणीच झालं असतं त्याचं, रंग कुठला मारताय.

असो. टायरला रंग लागू नये म्हणून टेप चिकटवत बसण्यापेक्षा पत्ते बरे. जुना कॅट घ्यायचा, हवा थोडी सोडायची आणि रिम नि टायरच्या फटीत एकेक पत्ता खोचत गोल फिरायचं. बदामची राणी हरवल्यापासून आमच्या कॅटला तसंही काही काम नव्हतं. नट जिथे टेकतात तिथे मात्र रंग जाऊ द्यायचा नाही, जाड थर बसला की नंतर नट ढिले पडतात. पातळ हात मारायचे, मध्ये वाळू द्यायचं. चौकट राजा आता कायमचा चंदेरी झालाय.

झाली दोन्ही चाकं, चांगली झाली. हवा भरायला पंक्चरवाल्याकडे नेली, म्हटलं मागचं डावं हल्ली दर आठवड्याला उतरतं तेही बघ. त्याने चाक उलटं करून आतल्या कडेला साबणाचं पाणी लावलं, एका जागी बारीक बुडबुडे. रस्त्यातल्या खड्ड्याने पडलेली चीर. मी बाहेरून एवढा घासत होतो, आतली कड कोण बघतो. पंक्चरवाला पोरगा म्हणाला, लोखंडी रिम असती तर ठोकून सरळ केली असती काका, अलॉय वाकण्याऐवजी बरेचदा चिरतं. आर्गन वेल्डिंग करून आणतो, वरून सिल्व्हर मारलं की दिसणार पण नाही.

दिसणार नाही, हे मला माहितीच होतं. डबा अजून अर्धा भरलेला होता.

लेक मागच्या सीटवर त्याच बाजूला बसते, खिडकीला नाक लावून. नको म्हटलं. स्टेपनी काढून लावली, लोखंडी काळी, वर कॅपसुद्धा नाही. खंडेनवमीला हार त्या स्टेपनीलाच घातला आणि नव्या रिमचे भाव विचारायला लागलोय.