वडगावच्या शेडमधली अर्धी वाकळ

वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवणाऱ्या एका ताईंचं काम बघायला कोल्हापूरहून सकाळची एसटी धरली. निपाणी, संकेश्वर करत बेळगाव सुमारे ११० किलोमीटर. स्टँडवरून रिक्षानं वडगाव. शहरात मराठीत विचारलं तरी पत्ता मिळतो, पण खेड्यांकडे जाणाऱ्या बसच्या पाट्या कानडीत असतात. वाचता येत नसेल तर कंडक्टरला विचारूनच चढा.

शहापूर-वडगाव हा विणकरांचा भाग. गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खटखट सुरू होते. ताईंची जागा म्हणजे अशीच एक जुनी मागाची शेड. माग कधीच विकले गेले. फरशीवर तेलाचे काळे डाग आणि बोल्टांची भोकं तेवढी उरलीत. त्यांनी ती बुजवलेली नाहीत, आणि मला ते फार आवडलं.

शेडच्या मधोमध चटईवर वाकळ पसरलेली होती. शेजारपाजारच्या बायकांच्या जुन्या लुगड्यांची, अर्धीच शिवलेली. माझ्या आजीच्या वाकळीत टाक्यांच्या सरळ आडव्या ओळी असायच्या. ही वेगळी. खानापूर, हल्याळकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका 'कवंद' नावाची गोधडी शिवतात, ती पद्धत ताई त्यांच्याकडूनच शिकल्या: कडेनं सुरुवात करायची आणि धावदोरा घालत, ठिगळं जोडत, फेऱ्या मारत आत यायचं. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची 'फुलं' बसवायची. फुलांशिवाय कवंद पुरी झाली असं त्या बायका मानत नाहीत.

मी गुडघ्यावर बसून पाहिलं. टाका भाताच्या दाण्याएवढा, दोरा दुहेरी. एका जागी वरचं लाल लुगडं विरलं होतं आणि खालचा निळा थर दिसत होता. "ते झाकणार नाही हं," ताई म्हणाल्या. "खालचं कापडबी कुणाचं तरी हाय की."

भिंतीवर इरकलीच्या पदरावर कर्नाटकी कशिदा चालू आहे. आधी रेखाटन नाही, गाठ नाही, कापडाचे धागे मोजत सुई चालते. या कशिद्यातला गवंतीचा टाका उलटसुलट सारखाच दिसतो. पदर उलटून दाखवायला सांगा, नाहीतर निम्मी गंमत हुकेल. गुळेदगुड्डच्या खणांचंही काहीतरी मांडलंय, पण ते अजून फक्त तुकड्यांच्या ढिगाऱ्यात आहे.

जाणार असाल तर आधी फोन करा. ही राहत्या घराला लागून असलेली जागा आहे, दुकान नव्हे. सकाळी अकराच्या आत गेलात तर छपराच्या काचेतून येणारा उजेड नेमका वाकळीवर पडतो. जुलै-ऑगस्ट टाळा, धुतलेलं कापड वाळत नाही आणि सगळं काम गुंडाळून ठेवलेलं असतं. फोटोआधी विचारा. किमतीत घासाघीस करू नका. एवढी वाकळ हातानं शिवायला महिने जातात. दिवस हाताशी असेल तर खानापूर तासाभरावर आहे, बस आणि रेल्वे दोन्ही मिळतात.

आणि न्यायचंच असेल काही, तर जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं न्या. नायलॉन नको, सुई सरकते. मी आजीच्या लुगड्याचा तुकडा नेला होता. कोपऱ्यातल्या फुलाला चालेल का म्हणून विचारलं. ताईंनी तो हातावर पसरला, उजेडाकडे धरला, आणि म्हणाल्या, "कोपऱ्यात नको ओ. मधी घालू, अंगाला लागंल तिथं."